हॉलच्या पाटीवरचा ‘ओन्ली’

शनिवार, रात्री ९:१२

सायली (बी-३०२): नमस्कार मंडळी. हॉलच्या दारावर आज नवी पाटी लागली आहे: ‘मेंबर्स कॅन ओन्ली यूज द हॉल ऑन संडे’ज’. आमच्या बाळाचं बारसं गुरुवारी आहे. आमंत्रणं गेली, केटरर ठरला. हॉल फक्त रविवारीच मिळेल असा नियम कधी झाला? दुपारपासून पोटात गोळा आलाय.

पाटणकर (सेक्रेटरी): सायली, असा नियम नाही गं. रविवारी बाहेरच्यांना हॉल द्यायचा नाही, एवढंच मीटिंगमध्ये ठरलं होतं. तुझं बुकिंग पक्कं आहे.

सायली (बी-३०२): धन्यवाद काका. पण पाटीवर तसं लिहिलेलं नाही ना. खाली वॉचमन पाटी दाखवून केटररला परत पाठवेल.

देशपांडे सर (ए-१०१): ‘संडेज’मध्ये ॲपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या वर लटकणारा तो स्वल्पविराम, लागत नाही. ते साधं अनेकवचन आहे. ॲपॉस्ट्रॉफी मालकी दाखवायला किंवा गाळलेलं अक्षर दाखवायला.

मंदाकाकू (सी-२०१): सर, आधी पोरीच्या बारशाचं बघू.

निखिल (सी-४०४): घोळ ‘ओन्ली’चा आहे. पाटणकर काकांना म्हणायचं होतं ‘ओन्ली मेंबर्स’. पाटीवर तो क्रियापदाजवळ जाऊन बसला. आता कोणी ‘हॉल फक्त वापरा, विकू नका’ असाही अर्थ काढेल, कोणी सायलीताईसारखा ‘फक्त रविवारी’.

मंदाकाकू (सी-२०१): हॉल विकायला काढलाय? 😂 मग आधी गळणारा कोपरा दुरुस्त करा, तसा गिऱ्हाईक घेणार नाही.

कुलकर्णी (ए-४०३): गळतीचा विषय निघालाच आहे तर, माझ्या बेडरूमच्या भिंतीचे फोटो मी मार्चपासून टाकतोय.

पाटणकर (सेक्रेटरी): कुलकर्णी साहेब, गळतीसाठी वेगळा धागा करूया, विनंती. आणि पाटीचा मजकूर मी इथेच टाकला होता. ४१ जणांनी वाचला. तेव्हा कोणाला व्याकरण आठवलं नाही.

देशपांडे सर (ए-१०१): मी तेव्हा नाशिकला होतो. नाहीतर ॲपॉस्ट्रॉफी तेव्हाच काढायला लावला असता. इंग्लंडात भाजीवाल्यांच्या पाट्यांवर अशी चूक इतकी दिसते की तिला ‘भाजीवाल्याचा ॲपॉस्ट्रॉफी’ असंच नाव पडलंय. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकारांनी २००१ मध्ये या चिन्हाच्या रक्षणासाठी चक्क संस्था काढली होती.

कुलकर्णी (ए-४०३): तिकडे चिन्हाला संस्था, इकडे भिंतीला कोणी वाली नाही.

निखिल (सी-४०४): सर, चिन्हांवरून कोर्टकचेऱ्याही झाल्यात. अमेरिकेत मेन राज्यातल्या एका डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. कोणत्या कामांना ओव्हरटाइम नाही, त्याची कायद्यात यादी होती. तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असं होतं, ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ड्रायव्हर म्हणाले, हे सगळं पॅकिंगचंच वर्णन आहे, आम्ही पॅकिंग करत नाही, माल पोचवतो. २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यांचं म्हणणं मानलं आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

मंदाकाकू (सी-२०१): अगंबाई, एका स्वल्पविरामाचे एवढे!

जाधव (बी-१०४): आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ झाला तर पेशवा गेला. ती गोष्ट खरी-खोटी काहीही असो, एका अक्षराची भीती आपल्याला जुनीच आहे. माझं म्हणणं, पाटी मराठीत करा.

देशपांडे सर (ए-१०१): मराठी असो की इंग्रजी, ‘संडेज’मध्ये ॲपॉस्ट्रॉफी नको.

नेहामावशी (ए-२०२): जाधवभाऊंशी सहमत. मराठीत हा गोंधळ होतच नाही, कारण आपल्याकडे ‘च’ आहे. तो ज्या शब्दाला चिकटतो, त्याचंच बोलतो. ‘रविवारी हॉल सभासदांनाच’ म्हटलं की बाहेरचे बाद. ‘सभासदांना हॉल रविवारीच’ म्हटलं की गुरुवार बाद. शब्द तेच, ‘च’ हलला की बारसं हललं.

सायली (बी-३०२): मावशी, अगदी हेच मला म्हणायचं होतं!

निखिल (सी-४०४): पण मावशी, इंग्रजांनाही बोलताना ‘ओन्ली’ क्रियापदाआधी टाकायची सवय आहे. इंग्रजी कसं लिहावं यावर नावाजलेलं पुस्तक लिहिणाऱ्या फाउलरनेसुद्धा १९२६ मध्ये लिहून ठेवलंय की अर्थ कळत असेल तर उगाच हटकू नये.

नेहामावशी (ए-२०२): बोलताना आवाजाने कळतं रे. पाटीला आवाज असतो का?

पाटणकर (सेक्रेटरी): पाटीला अठराशे रुपये गेलेत. दुसरी करायची तर खर्च कोण देणार तेही सांगा. आम्ही फुकटात राबतो, वर चुका काढायला सगळे हजर.

मंदाकाकू (सी-२०१): पाटणकर भाऊजी, रागावू नका. तुम्ही आहात म्हणून पाण्याचा टँकर वेळेवर येतो.

जाधव (बी-१०४): रंग माझ्याकडे आहे. उद्या सकाळी मीच मागच्या बाजूला मराठीत लिहितो आणि पाटी उलटी लावतो. खर्च शून्य.

पाटणकर (सेक्रेटरी): चालेल. मजकूर नेहाताईंनी द्यावा.

नेहामावशी (ए-२०२): ‘रविवारी हॉल सभासदांनाच मिळेल. इतर दिवशी सर्वांना.’

देशपांडे सर (ए-१०१): उत्तम. यात ॲपॉस्ट्रॉफी नाही.

रविवार, सकाळी ११:४०

जाधव (बी-१०४): झाली पाटी. 📷

सायली (बी-३०२): जाधवकाका, खूप खूप आभार! अक्षर किती सुरेख आलंय.

नेहामावशी (ए-२०२): जाधवभाऊ, फोटो मोठा करून बघा. ‘सभासदानाच’ झालंय. ‘दा’वरचा अनुस्वार राहिला.

कुलकर्णी (ए-४०३): म्हणजे एकाच सभासदाला? कोण तो भाग्यवान? आणि माझी भिंत?

जाधव (बी-१०४): वरती खिळा होता, ब्रश पोचला नाही. आता गावी निघालोय, बुधवारी येतो.

देशपांडे सर (ए-१०१): अनुस्वार अत्यावश्यक आहे.

सायली (बी-३०२): सर, मी आत्ता स्टूल घेऊन खाली जाते. घरी पांढरं नेलपॉलिश आहे, टिंब मी देते.

मंदाकाकू (सी-२०१): बाळंतिणीने स्टुलावर चढायचं नाही! बस घरात. बाटली दारात ठेव, मी येते.