समृद्धीवर १२० नं अ‍ॅव्हरेज वाढतं? कसं शक्य आहे?

वऱ्हाडी_चालक: काल इथे एकानं ठासून लिहिलं, ‘समृद्धीवर गाडी १२० ला सोडा, इंजिन मोकळं होतं, अ‍ॅव्हरेज वाढतं.’ रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० चे १२० केलेत की वेग दीडपट, रोध सव्वादोनपट! गेल्या महिन्यात नागपूरहून शिर्डीला ८०-८५ नं गेलो, येताना मेहुण्यानं ११५-१२० नं आणली. दोन्ही वेळा टाकी फुल करून मोजलं. जाताना लिटरला २०.५, येताना १५.

टॉपगिअर: तो ‘एक’ मीच. माझी गाडी पुण्यात ११ देते, समृद्धीवर १७. डोळ्यांनी बघितलेलं खोटं म्हणू? तुम्हाला परतताना समोरून वारं असेल, चढ लागला असेल.

वऱ्हाडी_चालक: शिर्डी नागपूरपेक्षा उंचावर आहे, चढ जाताना होता. वाऱ्याचं मान्य, ते मोजलं नाही. पण तुम्ही तुलना पुण्याच्या सिग्नलांशी करताय! थांबणं-निघणं सुटलं म्हणून वाढलं, १२० मुळे नाही. त्याच रस्त्यावर ८० नं चालवून बघा.

ठाणेकर७२: वेगाचं सोडा, पंपावर काय भरताय ते बोला. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. २० टक्के मिसळलं की ६-७ टक्के गेलेच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी तेवढीच घट धरली होती. माझी गाडी २०१४ ची. ही भेसळ मी का सोसू?

ऊसकरी_कराड: आलात शेवटी उसावर! आमचं उसाचं बिल दोन-दोन हंगाम थकायचं. बहिणीचं लग्न पुढे ढकललं होतं आम्ही. इथेनॉल सुरू झाल्यापासून पैसे वेळेवर येतात. एसीत बसून भेसळ म्हणायला काय जातं?

ठाणेकर७२: एसी काढू नका. तुम्हाला पैसे मिळायलाच हवेत, पण मला न विचारता माझ्या टाकीतून का? साधं पेट्रोल वेगळ्या नळीनं द्या.

ऊसकरी_कराड: द्या की, माझी ना नाही. पण भेसळ हा शब्द मागे घ्या.

ठाणेकर७२: शब्द मागे घेतला. मागणी नाही.

लालपरी_निवृत्त: पोरांनो, एकतीस वर्षं एसटी चालवली. सहा-सात टक्क्यांसाठी डोकी फोडताय आणि वऱ्हाडी सांगतोय पाव हिस्सा पायाखाली गेला, ते कुणी ऐकेना. आमच्या डेपोत डिझेल कोण किती जाळतो ते फळ्यावर लागायचं. गाडी पळवणारे कायम खाली. पण वरच्या गिअरला तीसनं रडवत नेणारेही खालीच असायचे, हेही लिहून ठेवा.

टॉपगिअर: बरं बाबा. रविवारी नागपूरला निघालोय. संभाजीनगरला टाकी फुल करतो, ८५ ठेवतो. १७ च्या वर गेलं तर इथेच लिहीन. नाही गेलं तरी लिहीन.

वऱ्हाडी_चालक: नागपुरात पुन्हा फुल करूनच मोजा, मीटरवरचा आकडा नको. आणि हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. काँक्रीटवर टायर फार तापतात.