पीओ-३३ (आवाज भरून वाजवायचं खिशातलं यंत्र): ४० सेकंदांच्या मेमरीत काय काय बसवता?

टाळकुटे: ढोलकीचे बोल, कुकरची शिट्टी, जिन्याचं लोखंडी दार, सगळं भरतोय. पण मेमरी बघता बघता संपते आणि १६ पावलांचे (म्हणजे १६ ठोक्यांच्या घरांचे) पॅटर्न एकसुरी वाटतात. तुम्ही कसं वापरता?

रात्रपाळी: एकेक बोल वेगळ्या बटणावर ठेवू नका हो. ९ ते १६ ही बटणं ड्रमची. तिथे धा, ना, तिं, घे एका दमात रेकॉर्ड करा, तुकडे यंत्रच पाडतं. बोलांमध्ये किंचित जागा ठेवा, नाहीतर काप भलतीकडे पडतात.

मेमरीला जुनी युक्ती: लॅपटॉपवर आवाज दुप्पट वेगाने वाजवून भरा, मग आत एक सप्तक खाली आणा. जागा निम्मी. वेगासोबत सूरही चढायला हवा. फोनमधली बरीच अ‍ॅप्स सूर तसाच ठेवतात, ती नकोत. आवाज जरा मळकट होतो, मला तर तोच हवा असतो. १९८७ च्या एसपी-१२०० या अशाच आवाज भरायच्या यंत्रात जेमतेम १० सेकंद होते. हिप-हॉपवाले मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ च्या वेगाने फिरवून हेच करायचे.

पत्र्याचाडबा: एकसुरीपणावर: रेकॉर्डिंग चालू ठेवून फिल्टरचा (आवाजातला खर्ज किंवा तार भाग गाळणारा) नॉब फिरवा, पावलागणिक वेगळा बसतो. आणि एका वेळी चारच आवाज वाजतात, तेव्हा लांब शिट्टी मधेच तुटू द्या. छान लागते.

टाळकुटे: शिट्टी तुटली! दार मात्र सप्तकभर खाली आणल्यावर म्हशीसारखं हंबरतंय. ठेवतोय तसंच.