स्का ते रेगे: फुंकवाद्यं मागे पडली, हे जमैकाच्या संगीताचं नुकसानच

ट्रॉम्बोनवेडा (धागाकर्ता)

जमैकाच्या संगीताची गोष्ट बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने सांगतात. आधी स्का, उड्या मारत नाचण्यापुरता. मग रॉकस्टेडी, जरा शांत. मग 1968 च्या आसपास रेगे, आणि इथे म्हणे त्या संगीताला खोली आली. क्रम मला मान्य आहे. त्यात दाखवला जाणारा चढ अजिबात मान्य नाही.

स्का वाजवणारे कोण होते ते आधी बघा. पन्नासच्या दशकात किंग्स्टनमधले साउंड सिस्टिमवाले, म्हणजे मोठे स्पीकर लावून तबकड्यांवर लोकांना नाचवणारे, अमेरिकेतून ऱ्हिदम अँड ब्लूजच्या तबकड्या आणून वाजवत. अमेरिका रॉक अँड रोलकडे वळली, हवा तसा माल मिळेना, तेव्हा कॉक्सन डॉड, ड्यूक रीड, प्रिन्स बस्टर यांनी स्थानिक वादकांना घेऊन स्वतःच ध्वनिमुद्रण सुरू केलं. हे वादक हॉटेलांत आणि क्लबांत जॅझ वाजवून तयार झालेले. त्यातले कितीतरी अल्फा बॉईज स्कूलचे, म्हणजे कॅथलिक नन्सनी गरीब आणि निराधार मुलांसाठी चालवलेल्या शाळेच्या बँडमधले. डॉन ड्रमंड, टॉमी मकूक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे सगळे तिथलेच. 1964 मध्ये 'स्कॅटलाइट्स' स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी मोडला. तेवढ्या काळात त्यांनी जे वाजवलं ते आजही अंगावर येतं. ड्रमंडचं 'ईस्टर्न स्टँडर्ड टाइम' ऐका. खाली नाचाचा ठेका चालू आहे आणि वर एक माणूस ट्रॉम्बोनमधून मनातलं सगळं ओततो आहे.

जानेवारी 1965 मध्ये ड्रमंडने आपल्या जोडीदारणीचा, मार्गारिटा या नर्तकीचा खून केला. त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली आणि 1969 मध्ये तो तिथेच गेला. 1966 पासून लय उतरली, गायक पुढे आले आणि फुंकवाद्यं दोन ओळींच्या भरण्यापुरती उरली. ज्या संगीतात वादक विचार करत होता, त्यात तो साथीदार झाला. याला मी प्रगती म्हणणार नाही.

---

खर्जातला

पूर्ण असहमत. तुम्ही वरच्या पट्टीतच ऐकताय. जे घडलं ते खाली घडलं.

स्कामध्ये लॉइड ब्रेव्हेटचा उभा डबल बेस प्रत्येक मात्रेवर एक सूर टाकत चालत राहतो. उत्तम वाजवलाय, पण त्याचं काम जमीन धरून ठेवण्याचं. रॉकस्टेडीत इलेक्ट्रिक बेस आला, लय उतरली आणि बेसला श्वास घ्यायला जागा मिळाली. तो थांबायला लागला. तीन सूर, मग शांतता, मग दोन सूर. चाल तोच सांगू लागला. त्रिनिदादहून आलेला लिन टेट गिटारवर तीच ओळ दुणावत असे, म्हणून ती कानात बसते.

पुढे रेगेत 'वन ड्रॉप' आला. चार मात्रांपैकी पहिली मोकळी, जोर तिसरीवर. समेवर ठोका द्यायची सवय असलेल्या आपल्या कानांना तर हे जास्तच जाणवायला हवं, समच रिकामी ठेवलेली! बॉब मार्लीच्या 'वेलर्स'मध्ये कार्लटन बॅरेट ड्रमवर आणि त्याचा भाऊ अ‍ॅस्टन बेसवर, हे दोघं मिळून जे करतात तोही विचारच आहे. विचार करायला लांबलचक सोलो लागतो, हे गृहीतक जॅझवाल्यांचं.

---

उगाच_नाही

1966 चा उन्हाळा फार कडक होता, लोकांना नाचवेना, म्हणून लय कमी झाली असं वाचलंय. मग वाद कसला?

---

खर्जातला

@उगाच_नाही, ही कथा सगळीकडे सांगतात, पण तिने फारसं काही उलगडत नाही. उन्हाळा संपल्यावर लय परत का वाढली नाही? मोठा हॉर्न सेक्शन, म्हणजे फुंकवाद्यांचा ताफा, ठेवणं महाग होतं, अमेरिकेतून सोल संगीत येत होतं, आणि स्कॅटलाइट्स फुटल्यावर वादक वेगवेगळ्या निर्मात्यांकडे वाटले गेले. मकूक ड्यूक रीडकडे 'सुपरसॉनिक्स' चालवू लागला, जॅकी मिट्टू आणि रोलंड अल्फोन्सो डॉडच्या 'स्टुडिओ वन'मध्ये राहिले. नवीन आवाज या छोट्या संचांतून आला.

---

गळा_आधी

इथे कुणी गायकांबद्दल बोलणार आहे का? स्काच्या वेगात गायकाला शब्द फेकावे लागतात. रॉकस्टेडीने त्याला सूर लावून थांबायची मुभा दिली. अल्टन एलिस ऐका, फिलिस डिलन ऐका. तीन-तीन आवाजांच्या संचांनी जे स्वरमेळ बांधले, ते स्काच्या गतीत बसलेच नसते. आणि बाई मुख्य आवाज म्हणून गाते आहे, प्रेमाबद्दल, स्वतःच्या अटींवर. ट्रॉम्बोन मागे गेला म्हणून हळहळताना पुढे कोण आलं तेही बघा. मला स्कॅटलाइट्स आवडतात, पण ड्रमंडच्या सोलोसाठी मी फिलिस डिलनचा आवाज सोडणार नाही.

---

ब्रिक्स्टनचा_बाळ्या

मला तुमचा दोघांचाही मुद्दा अपुरा वाटतो. स्काला त्याच्याच देशाच्या सरकारने कसं वागवलं ते बघा.

6 ऑगस्ट 1962 ला जमैका स्वतंत्र झाला. नव्या देशाला नवं संगीत दाखवायचं होतं. 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्का पाठवला, पण कुणाबरोबर? बायरन ली अँड द ड्रॅगनेअर्स, उच्चभ्रूंच्या कार्यक्रमांत वाजवणारा नीटनेटका बँड. ज्यांनी स्का घडवला ते स्कॅटलाइट्स घरीच राहिले. ते गरीब वस्त्यांतले, त्यांच्यातले काही रास्ताफारींमध्ये, म्हणजे इथिओपियाच्या सम्राटाला देव मानणाऱ्या जमैकन पंथात, ऊठबस असलेले. किंग्स्टनजवळच्या वरेइका टेकड्यांत काउंट ऑसी या रास्ताफारी ढोलवादकाच्या ढोलांबरोबर हे लोक रात्ररात्र वाजवत. ते ढोल, ती जमात, हे तेव्हाच्या सभ्य समाजाला नको होतं.

21 एप्रिल 1966 ला तोच सम्राट, हेले सेलासी, किंग्स्टनला उतरला तेव्हा विमानतळावर जी गर्दी लोटली, तिने ही माणसं किती आहेत ते सगळ्यांना दिसलं. रेगेने तेच पुढे आणलं. स्कामध्ये जे वादकांच्या मनात होतं, ते रेगेत शब्दांत आलं. ट्रॉम्बोनने सुचवायचं आणि गायकाने उघड म्हणायचं यात उपाशी माणसाला फरक पडतो. 1969 मध्ये डेस्मंड डेकरचं 'इझ्रायलाइट्स' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. सकाळी उठून भाकरीसाठी राबणाऱ्या माणसाचं गाणं आहे ते.

---

ट्रॉम्बोनवेडा (धागाकर्ता)

@ब्रिक्स्टनचा_बाळ्या, प्रदर्शनाबद्दल शब्दन् शब्द मान्य. पण त्यातूनच माझं म्हणणं निघतं. काउंट ऑसीचे ढोल आणि ड्रमंडचा ट्रॉम्बोन एकत्र आले ते स्काच्या पिढीत. रेगेने ते शोधलं नाही, वारशात घेतलं. शब्द स्पष्ट झाले हे खरं, पण शब्द नसतानाही 'मॅन इन द स्ट्रीट'मधलं दुःख मला कळतं.

@गळा_आधी, फिलिस डिलनला सोडा असं मी म्हणत नाही. ड्यूक रीडकडच्या तिच्या गाण्यांमागे मकूकच्या संचाची साथ आहे. स्कात तयार झालेली ती माणसं नसती तर तो गोडवा आला नसता.

@खर्जातला, वन ड्रॉपचं सौंदर्य मी नाकारत नाही. पण माझ्या कानाला रेगेची शंभर गाणी ऐकून शंभर बेस आठवतात, एकही सोलो आठवत नाही.

---

सुई_खाली

मग रिको रॉड्रिग्ज? अल्फाचाच विद्यार्थी, ड्रमंडकडून शिकलेला. त्याचा 'मॅन फ्रॉम वरेइका' 1977 चा. ट्रॉम्बोनचा अख्खा रेगे अल्बम, आणि लांब, मोकळे सोलो. पुढे 'द स्पेशल्स' या इंग्लिश स्का बँडबरोबर इंग्लंडात वाजवला तेव्हा तिथल्या पोरांना स्का कळला तो याच माणसाच्या श्वासातून.

---

ट्रॉम्बोनवेडा (धागाकर्ता)

रिको 1961 लाच इंग्लंडला गेला होता. तो घडला स्काच्याही आधी. सत्तरच्या दशकात किंग्स्टनमध्ये वाढलेला असा वादक सांगा.

---

खर्जातला

त्याआधी हे ऐका: व्हिन गॉर्डन, तोही अल्फाचा. स्टुडिओ वनमध्ये 'साउंड डायमेन्शन'ने 'रिअल रॉक' वाजवलं, त्यात ट्रॉम्बोन याचा. सोलो म्हणावा असं फार काही नाही, एक छोटी ओळ आहे. पण त्या ठेक्यावर नंतर किती जणांनी गाणी चढवली! विली विल्यम्सचं 'आर्मागिडियन टाइम' त्याच्यावर उभं आहे, आणि ते 1979 मध्ये 'द क्लॅश' या इंग्लिश पंक बँडने गायलं. जुना ठेका नव्या गायकाने घ्यायचा, पुन्हा पुन्हा घ्यायचा, ही पद्धत स्कामध्ये अशी रुजली नव्हती. वादकाची एक ओळ दहा-दहा वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत जिवंत राहते, हे रेगेचं देणं आहे.

फक्त एक गोष्ट मला बोचते आणि तिथे तुमच्याशी भांडण नाही. वादकांना गाण्यामागे ठरावीक पैसे मिळत, हक्क निर्मात्याकडे जात. ओळ जितकी जगली, तितके पैसे दुसऱ्याला मिळाले. स्काच्या वेळीही हेच होतं.

---

गळा_आधी

गायकांचंही तेच होतं. हा वेगळा धागा व्हायला हवा. मी काढते.