दादरा-नगर हवेली: हेगला आपण जिंकलो की हरलो?

विधी-तृतीय वर्ष, पुणे

मूट कोर्टसाठी (कॉलेजातला सरावाचा खटला) मला पोर्तुगाल विरुद्ध भारत हा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १२ एप्रिल १९६० चा निकाल मिळालाय. बाजू भारताची. घरी लहानपणापासून ऐकत आले की २ ऑगस्ट १९५४ ला आपल्या लोकांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातलं, नगर हवेलीतलं सिल्वासा सोडवलं, त्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, आणि पुढे हेगलाही आपणच जिंकलो. पण निकालात तर ११ विरुद्ध ४ मतांनी पोर्तुगालला दमणहून भारताच्या मुलखातून दादरा-नगर हवेलीला ये-जा करण्याचा हक्क होता असं म्हटलंय! मग जिंकलो ते कसं? आणि 'सरंजाम' या शब्दावर एवढा खल का झाला?

कोर्टपक्षी

जिंकलोच. भारताने कुठल्याही बंधनाचा भंग केला नाही, हे ९ विरुद्ध ६ ने ठरलं. तेवढं धरून ठेवा.

मोडीवाचक

ताई, वरचं उत्तर चूक नाही, पण तेवढ्यावर उभ्या राहिलात तर पहिल्याच उलटप्रश्नाला अडाल. मी वकील नाही, तीस वर्षं मोडी कागद वाचत आलोय. म्हणून सरंजामापासून सुरुवात करतो.

१७७९ च्या पुण्याच्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमण प्रांतातली, जिथं किल्ला वगैरे नाही अशी, सालाना बारा हजार रुपये वसुलाची गावं नेमून द्यायचं कबूल केलं. हीच दादरा-नगर हवेलीची गावं. त्याच्या सनदा, म्हणजे देणगीचे लेखी हुकूम, १७८३ आणि १७८५ चे. पोर्तुगाल म्हणत होता, यानेच ही गावं आमच्या राज्यात आली. भारताचं म्हणणं, दिला तो सरंजाम, म्हणजे गावांचा वसूल, राज्य नव्हे.

सरंजामाचा कागद समोर घेतलात की हे डोळ्यांना दिसतं. बोरूची एकसलग ओळ, गावाचं नाव, पुढे आकार (म्हणजे त्या गावाचा ठरलेला वसूल), मग दुसरं गाव, त्याचा आकार, आणि शेवटी बेरीज. सगळा हिशेब पैशांचा. सरंजामदार वसूल खाई आणि सरकारची मर्जी फिरली की सरंजाम जप्त होई. पेशवाईत हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

हेगला तह झालाच नव्हता असंही आपल्या बाजूने मांडलं गेलं, ते न्यायालयाने मानलं नाही. मराठ्यांनी तो तह कधी नाकारला नव्हता. पण सनदांनी मिळाली ती जहागीर किंवा सरंजाम, सार्वभौमत्व नाही, हे मात्र मानलं. असल्या देणगीने मुलूख तुटून दुसऱ्याच्या राज्यात गेला, असा एकही दाखला त्यांच्यापुढे आला नव्हता. आपल्या दप्तरातल्या शब्दाचा अर्थ इतक्या दूर, परक्या माणसांनी असा नीट लावला, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गहिवरून आलं होतं.

आता अडचणीचं. १८१८ नंतर इंग्रज आले. त्यांनी ती गावं पोर्तुगीजांचीच धरली, आणि १९४७ नंतर आपणही तोच शिरस्ता चालू ठेवला. न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं: मराठ्यांनी दिलं नव्हतं ते इंग्रजांच्या वागणुकीने उभं राहिलं. सव्वाशे वर्षं माणसं, मुलकी अधिकारी आणि माल दमणहून बिनदिक्कत जात-येत होते, म्हणून तेवढ्यांचा हक्क मान्य. फौज, हत्यारबंद पोलीस आणि दारूगोळ्याला मात्र दर वेळी परवानगी लागे, म्हणून त्यांचा हक्क नाही. हे ८ विरुद्ध ७, एका मताचा फरक! जुलै १९५४ मध्ये दादरा सुटल्यावर भारताने वाट बंद केली, ती तिथल्या तंग परिस्थितीत नियमनाच्या अधिकारात बसते असं म्हणून आपण सुटलो.

म्हणजे सनदांचा मुद्दा जिंकलो, वाटेचा निम्मा हरलो, आणि ठपका आला नाही. कोर्टापुढे असंच सांगा. लपवलंत तर समोरचा काढणारच.

निकालाच्या तारखेकडेही बघा. पोर्तुगालने १९५१ ला वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' असं नाव दिलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ते झुगारून गोव्याचं नाव पारतंत्र्यातल्या प्रदेशांच्या यादीत घातलं ते डिसेंबर १९६० मध्ये, निकालानंतर आठ महिन्यांनी.

खानवेलचा मास्तर

काकांनी फार चांगलं उलगडलं. पण या सगळ्यात पेशवे आले, फिरंगी आले, इंग्रज आले, दिल्ली आली. वारली कुठेच आला नाही. माझा आजा सांगायचा, पलीकडच्या बाजाराला जाताना इथून दुसऱ्याचं राज्य, हे चौकीवरचा शिपाई अडवायचा तेव्हाच कळायचं. तोवर सगळं एकच रान. त्याच्या डोक्यावरच्या मोळीसाठी ही वाट होती, आणि हेगला तिच्यावर भांडले ते दोन सरकारांचे वकील.

१९५४ ते १९६१ आमचा कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. मग ऑगस्ट १९६१ मध्ये बडलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं इथलं शासनप्रमुख केलं, त्यांनी नेहरूंबरोबर विलीनीकरणाच्या करारावर सही केली आणि दहाव्या घटनादुरुस्तीने आम्ही भारतात आलो. त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण गोव्याला १९६७ मध्ये कौल विचारला, १९८७ ला राज्य मिळालं. आम्हाला २६ जानेवारी २०२० ला दमण-दीवशी जोडलं, आणि विधानसभा आजही नाही. जमिनीचा, जंगलाचा कायदा करायला आमच्यातून निवडलेला आमदार नाही. ताई, मूट कोर्टात एक वाक्य यावरही बोला.

विधी-तृतीय वर्ष, पुणे

सर, बोलेन. पण निकालाच्या चौकटीत ते बसवू कुठे?

मोडीवाचक

हेगच्या त्या न्यायालयात देशांखेरीज कुणालाच पक्षकार होता येत नाही. तिथूनच सुरुवात करा, म्हणजे मास्तरांचा मुद्दा आपोआप चौकटीत येईल.

मास्तर, इतकी वर्षं मी त्या कागदांत आकारच मोजत बसलो. गावात माणसं होती, हे तुम्ही आज दाखवलंत. तुमच्या गावाचं नाव कळवा. यादीत ते कसं लिहिलंय आणि त्याच्यापुढे किती रुपये धरलेत, ते शोधून इथेच टाकतो.