स्टार्टर मारू नका

ए-१०४, दुपारी ४:१२
कुणाकडे लांब दांड्याचं मॅग्नेट आहे का? पेनासारखं ओढून लांब होतं ते. फार घाईचं आहे. गाडीचे स्पार्क प्लग बदलत होतो. कॉइलच्या (प्लगला करंट देते ती) बोल्टखालचा स्प्रिंग वॉशर बोटांतून निसटला आणि तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात गेला. परवा चवथ (गणेशचतुर्थी), उद्या पहाटे वाळपईला निघायचंय. आई-बाबा घरी वाट बघतायत.

सी-२०२, ४:१५
एवढासा वॉशर ना? स्टार्ट करून जरा रेस द्या, सायलेन्सरमधून निघून जाईल.

बी-३०१, ४:१६
स्टार्टर मारू नका. किल्लीला हातसुद्धा लावू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडव, म्हणजे घरातल्या कुणी चुकून किल्ली फिरवली तरी काही होणार नाही.

बी-३०१, ४:१७
आणि मला एक सांग. वॉशर पडला तेव्हा त्या सिलिंडरचा प्लग बसलेला होता की काढलेला? बसलेला असेल तर वॉशर वरच्या नळीतच आहे, काळजीचं काही नाही. काढलेला असेल तर थेट पिस्टनवर गेला.

ए-१०४, ४:२०
काढलेला होता काका. चारही प्लग बाहेर आहेत. टॉर्च मारून बघितलं, नळीत काही दिसत नाही. पडताना खाली 'टण्' असा आवाज आला. निगेटिव्ह काढली.

सी-२०२, ४:२२
काका, मी चुकीचं सांगितलं का? खरंच विचारतोय. नखाएवढ्या वॉशरने इंजिनाला काय होणार?

बी-३०१, ४:३१
विचारलंत ते बरं केलंत, सगळ्यांनाच कळू दे. इंजिन नुसतं आयडलला असलं तरी मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं, म्हणजे पिस्टन सेकंदाला तेरा वेळा वर येतो. अगदी वर आला की कडेला पिस्टन आणि हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. हा वॉशर दीड मिलिमीटर जाड, तोही कडक स्प्रिंग स्टीलचा. पिस्टन आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, त्याच्यापुढे मऊ. पहिल्या फेऱ्यालाच पिस्टनवर खड्डा पडायचा. नाहीतर वॉशर व्हॉल्व्ह (हवा-धुराची झडप) आणि त्याच्या सीटच्या मध्ये सापडायचा आणि व्हॉल्व्ह वाकायचा. सायलेन्सरकडून कधी कधी बाहेर पडतोही, पण जाता जाता आत काय काय ठेचून जाईल त्याचा नेम नाही. मग हेड उतरवणं आलं.

मी २०१२ साली खाणी बंद होईपर्यंत मांडवी नदीत खनिजाच्या बार्जवर (सपाट मालवाहू बोटीवर) इंजिन सांभाळत होतो. तिथे एकदा दुरुस्तीनंतर एक नट आत राहून गेला. इंजिन सुरू केलं आणि दोन मिनिटांत बंद केलं, तरी पिस्टन गेलाच. आठ दिवस बार्ज धक्क्याला बांधलेली. तेव्हापासून इंजिनाचं कुठलंही तोंड उघडलं की पहिल्यांदा त्यावर स्वच्छ कापड, आणि काढलेला प्रत्येक नट-वॉशर मोजून डब्यात.

बी-१०२, ४:३४
माझ्याकडे कंप्रेसर आहे, टायरमध्ये हवा भरायचा. हवा मारली तर उडून वर येईल का?

बी-३०१, ४:३६
हवा नको. तिसऱ्याचा एखादा व्हॉल्व्ह आत्ता उघडा असेल तर वॉशर उडून त्याच्या मागे मॅनिफोल्डमध्ये (व्हॉल्व्हपलीकडच्या नळीत) जाईल, मग शोधणं आणखी कठीण. आणि वर उडाला तर कुणाच्या तरी डोळ्यात.

ए-३०२, ४:३८
फ्रिजवरचं छोटं मॅग्नेट दोऱ्याला बांधून सोडलं तर?

बी-३०१, ४:३९
सुटलं तर एकाच्या जागी दोन वस्तू काढाव्या लागतील. खराट्याची हीरही कुणी आत घालू नका, तुकडा मोडून आत राहतो. माझ्याकडे वाकत्या मानेचं मॅग्नेट आहे, पत्र्याच्या पेटीत शोधतो. आत बघायला कॅमेरा मिळाला तर फार बरं होईल.

डी-४०३, ४:४१
काका, माझ्याकडे फोनला जोडायचा वायरचा कॅमेरा आहे. बाथरूमचा पाइप गळत होता तेव्हा घेतलेला. टोकाला लाइट आहे, साडेपाच मिलिमीटर जाडी. चालेल का?

बी-३०१, ४:४२
एकदम चालेल ताई. पण टोक आधी नीट पुसून आणा, पाइपातली माती सिलिंडरमध्ये जायला नको. इंजिन गार आहे ना रे?

ए-१०४, ४:४३
हो, सकाळपासून बंद आहे. पाऊस आत येतोय म्हणून प्लास्टिक बांधलंय. हात थरथरतायत काका.

बी-३०१, ४:४४
भिऊ नको पुता. तू इंजिन फिरवलं नाहीस ना, मग अजून काहीच बिघडलेलं नाही. येतो खाली. बाकीची तीन भोकं कापडाने झाकून ठेव. आणि पार्किंगमधला ट्यूबलाइट दोन महिने बंद आहे, कुणीतरी चांगला बल्ब घेऊन या.

सी-२०२, ४:४५
बल्ब आणि एक्स्टेन्शन घेऊन मी येतो.

ए-१०४, संध्याकाळी ६:२८
निघाला!! (फोटो)

ए-१०४, ६:४०
सगळ्यांचे मनापासून आभार. कसा निघाला ते सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

ताईंच्या कॅमेऱ्यात पहिल्या मिनिटालाच दिसला. पिस्टनच्या डोक्यावर, एक्झॉस्टच्या बाजूला, अगदी भिंतीला टेकून. एवढ्या खाली आणि कडेला मॅग्नेट नीट वळत नव्हतं. शिवाय आमच्या इंजिनाची प्लगची नळी लोखंडी आहे. मॅग्नेट आत सोडलं की नळीलाच चिकटायचं, खाली जायचंच नाही. चार-पाच वेळा असं झालं. मग काकांनी शहाळ्याच्या दुकानात मिळते ती जाड स्ट्रॉ मागवली, ती मॅग्नेटच्या मानेवर चढवली आणि फक्त टोक उघडं ठेवलं. तेव्हा कुठे ते सरळ खाली उतरलं.

पिस्टन बराच खाली होता. काकांनी क्रँकच्या (पिस्टन हलवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला, थोडं थोडं फिरवलं. चारही प्लग बाहेर असल्यामुळे जोर लागत नव्हता. मी कॅमेऱ्यात बघत होतो आणि दर थोड्या अंतराने सांगत होतो. पिस्टन निम्म्यावर आला तसे ते थांबले. अगदी वर आणायचा नाही म्हणाले, वॉशर हेडला दाबला जातो. मग मॅग्नेटची मान वाकवून कडेला नेली. दोनदा चिकटला आणि प्लगच्या आट्यांवर घासून परत पडला. तिसऱ्या वेळी काकांनी मॅग्नेट भोकाच्या मधोमध धरून इतकं हळू वर घेतलं की खाली जमलेले आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो.

डी-४०३, ६:४४
काढल्यानंतर परत कॅमेरा घातला आणि तिसऱ्याबरोबर बाकीची तिन्ही सिलिंडरही बघितली, काकांनी सांगितलं म्हणून. पिस्टनवर ओरखडा नाही.

बी-१०२, ६:४७
पण वॉशर पडलाच कसा? माझ्या गाडीत कॉइलच्या बोल्टला वॉशर दिसत नाही.

बी-३०१, ६:५५
बरोबर बघितलंत. बहुतेक गाड्यांत त्या बोल्टच्या डोक्यालाच पसरट कड असते, वेगळा वॉशर लागत नाही. मागच्या सर्व्हिसला कुणीतरी मूळ बोल्ट हरवून साधा बोल्ट आणि सुटा वॉशर बसवलेला. मला याचा राग येतो. बोल्ट हरवला तर हरवला, गिऱ्हाइकाला सांगावं ना. माझ्या डब्यात कडेचा एक मिळाला, तोच लावलाय.

आणखी एक. कॉइल काढल्यावर, प्लग सोडवण्याआधी, नळीतली धूळ हवेने उडवायची. हवा मारायची ती तेव्हा, प्लग बसलेला असताना. आपल्याकडे पावसाळ्यात तिथे माती आणि गंज दोन्ही असतात, प्लग काढला की सगळं आत जातं. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात धरून हाताने शेवटपर्यंत फिरवायचा. आटा चुकला तर रबर घसरतं, हेड वाचतं. हाताने थांबला की पान्याने अर्धा, फार तर पाऊण फेऱ्याच्या आत. त्याहून जास्त नाही.

ए-१०४, ७:३२
प्लग, कॉइल सगळं बसलं. काकांनी बॅटरी जोडायच्या आधी हाताने क्रँकचे पूर्ण दोन फेरे करायला लावले, म्हणजे चारही सिलिंडरचं एक चक्र होतं. कुठे अडकलं नाही. मग स्टार्ट केली. आवाज नेहमीसारखा.

सी-२०२, ७:३४
मीही खाली होतो. माझं ऐकून किल्ली फिरवली असती तर काय झालं असतं या विचाराने अजून बरं वाटत नाहीये. सॉरी दादा.

ए-१०४, ७:३६
असं काय दादा, दोन तास बल्ब धरून तुम्हीच उभे होतात. देव बरें करूं.

ए-१०४, दुसऱ्या दिवशी सकाळी ७:५०
वाळपईला पोचलो. साखळीपर्यंत धो धो पाऊस, होंड्यानंतर उघडला. गाडी छान चालली. बाबा माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची आरास) बांधतायत, आईने काकांना आणि ताईंना नेवऱ्या (करंज्या) पाठवायच्या म्हणून आत्ताच वेगळ्या काढून ठेवल्यात. (फोटो)

बी-३०१, ७:५८
बरं झालं. आईला नमस्कार सांग. इंजिन पूर्ण गार झालं की चारही कॉइलचे बोल्ट एकदा हाताने बघून घे, सैल तर नाहीत ना. आणि बघताना खाली कापड अंथर.