मदत हवी आहे: वजन नसताना एफबीजी सेन्सर १३७ मायक्रोस्ट्रेन दाखवतोय

मंडळी, एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी उद्यमनगरातनं एमएसची (माइल्ड स्टीलची) पट्टी कापून आणली आणि तिच्यावर फायबर ब्रॅग ग्रेटिंग (एफबीजी, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवणारा काचतंतूतला सेन्सर; ताण किंवा तापमान बदललं की ती तरंगलांबी सरकते) इपॉक्सीनं चिकटवलं. तरंगलांबी १५५० नॅनोमीटर. शेजारी दुसरं ग्रेटिंग बारीक नळीत मोकळं सोडलंय, त्यावर ताण न येता नुसतं तापमान कळावं म्हणून.

सकाळी वजनं टांगली की आकडे चोख येतात, मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) साधारण १.२ पिकोमीटर. घोळ दुपारचा. आमची लॅब पत्र्याखाली, काल २६ अंशांचे ३८ झाले. पट्टीवर काहीच टांगलेलं नव्हतं, तरी चिकटवलेलं ग्रेटिंग २८५ पिकोमीटर सरकलं. मोकळं सरकलं १२०, म्हणजे अंशाला १०, ते बरोबरच. वजा केले तरी १६५ उरतात. १.२ नं भागा, १३७ मायक्रोस्ट्रेन!

इपॉक्सीवर संशय घेऊन एक ग्रेटिंग खरवडून काढायला गेलो, ते तुटलं. त्याचं दुःख वेगळंच. गाइड म्हणतात इंटरॉगेटर (ग्रेटिंगची तरंगलांबी मोजणारं यंत्र) बिघडलाय. तो उसना आणलाय, त्यामुळं देणाऱ्याला हे सांगायची सोय नाही.

प्रतिसाद १
भावा, इंटरॉगेटर खरं बोलतोय. पट्टी तापून वाढली, तेच मोजलंय त्यानं. पोलाद अंशाला साधारण १२ मायक्रोस्ट्रेन पसरतं, फायबरची काच जेमतेम अर्धा मायक्रोस्ट्रेन, म्हणजे फरक साडेअकराचा. मोकळ्या ग्रेटिंगचे ते १० पिकोमीटर मुख्यतः अपवर्तनांक बदलल्यामुळं येतात, पट्टीनं फायबरला ओढलं ते त्यात नाहीच. साडेअकरा गुणिले १२ अंश करून बघ. १३८ आले ना?

धागाकर्ता
आयला, व्हय की! दोन आठवडे घालवले राव. मग फक्त वजनाचा स्ट्रेन कसा काढायचा?

प्रतिसाद १
त्याच पट्टीचा उरलेला तुकडा घे. त्यावर तसंच ग्रेटिंग, तेच इपॉक्सी, आणि तुकडा पट्टीशेजारी नुसता ठेव. बोल्टनं आवळलास तर तोही वजन घ्यायला लागेल. आता या दोघांची वजाबाकी कर. दोन्ही एकाच सावलीत हवेत, एकावर ऊन आणि एक आडोशाला असं नको.

धागाकर्ता
तुकडा टेबलाखालीच पडलाय. पण जादा ग्रेटिंग नाही. नळीतलंच काढून चिकटवलं तर?

प्रतिसाद १
चालेल. तापमानाची नोंद हवी असेल तर साधा थर्मोकपल लाव. फक्त हे ग्रेटिंग खरवडू नकोस.