फ्रान्समधील प्रांतोप्रांतीचे चीज : आपले अनुभव लिहा

फ्रान्समध्ये राहिलेल्या किंवा हिंडलेल्या मराठी मंडळींनी एखादे चीज त्याच्या मूळ मुलखात चाखले असेल, तर तो अनुभव येथे जरूर लिहावा. ते कसे तयार होते हे पाहिले असल्यास तेही सविस्तर सांगावे.

*

बझाँसों येथे शिकत असताना मी ज्यूरा डोंगरातील एका 'फ्रुइतिएर'मध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी चीजघरात, कोंते हे चीज तयार होताना पाहिले. आमच्या घरी कोल्हापूरकडे दुभती जनावरे असल्यामुळे माझे सारे लक्ष चाऱ्याकडे होते. या गाईंना, ज्यांत बहुतांश मोंबेलियार्द जातीच्या असतात, मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा, घालण्यास सक्त मनाई आहे, कारण त्यातील जिवाणूंचे बीजाणू दुधात उतरले की मुरणारे चीज आतून फुगते आणि नासते. कच्चे दूध तांब्याच्या प्रचंड कढईत विरजून सुमारे ४०० लिटरमागे ४० किलोंच्या आसपासचे एक चाक, म्हणजे चाकाच्या आकाराचा चीजचा गोळा, निघते, आणि ते किमान चार महिने लाकडी फळ्यांवर मुरते. उन्हाळी चाक हिरव्या गवतातील कॅरोटीन या रंगद्रव्यामुळे पिवळे, तर वाळल्या गवतावरचे हिवाळी चाक हस्तिदंती असते. दोन्ही शेजारी ठेवून चाखली, तेव्हा चवीतला फरकही स्पष्ट जाणवला.

*

मला रोकफोर अधिक भावले. लाकोन जातीच्या मेंढ्यांच्या कच्च्या दुधाचे हे चीज कोंबालू डोंगराच्या गुहांत मुरते, जेथे खडकांतील 'फ्लरिन' नावाच्या नैसर्गिक भेगांतून थंड, दमट हवा सतत खेळती राहते आणि निळी बुरशी पोसली जाते. या नावाला १९२५ मध्येच कायद्याचे संरक्षण मिळाले. पहिला घास फार उग्र वाटतो. सोबत लोणी लावलेला पाव घ्यावा.

*

शाकाहारी वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवते. वरील दोन्ही चीजांत दूध विरजण्यासाठी जनावरांच्या जठरातील रेनेट वापरतात. आम्ही घरात शाकाहार पाळत असल्याने प्रत्येक चीज घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारतो, आणि याचे कोणालाही नवल वाटलेले नाही.

*

नॉर्मंडीत गेलात तर वेष्टनावर 'कामांबेर द नॉर्मांदी' हे पूर्ण नाव पाहूनच खरेदी करावी. नुसते 'कामांबेर' कोठेही तयार होऊ शकते. पूर्ण नाव लावायचे तर कच्चे दूधच लागते आणि दही पळीने, किमान पाच थरांत, साच्यात घालावे लागते.